जुन्या इंग्लिश घराचं छप्पर: स्लेट वाचवा, शिशाला हलायला जागा द्या

इंग्लंडमध्ये व्हिक्टोरियन घर घेतलेल्या मराठी मंडळींचा पहिल्याच हिवाळ्यात मला फोन येतो. बेडरूमच्या कोपऱ्यात ओल आलेली असते आणि बघायला आलेल्या माणसाने सगळं छप्पर उतरवायचा सल्ला दिलेला असतो. मी सांगतो, होकार देऊ नका. आधी टॉर्च घेऊन माळ्यावर चढा, आणि पाऊस चालू असतानाच चढा.

पाणी जिथे टपकतं तिथेच शिरलेलं असतं असं नाही. ते वाशाच्या अंगाने ओघळत खाली येतं आणि खिळा किंवा गाठ आडवी आली की तिथे गळतं. ओला वासा हाताने चाचपत वर वर जा. बऱ्याचदा तुम्ही धुराड्यापाशी, नाहीतर दोन पाखी म्हणजे छपराचे दोन उतार जिथे मिळतात त्या पन्हळीपाशी पोचता. म्हणजे शिशाच्या पत्र्यापाशी. वेस्ट यॉर्कशायरमधल्या आमच्या घरात ओल खिडकीच्या डोक्यावर दिसत होती आणि भेग होती धुराड्याच्या मागच्या गटारात, म्हणजे धुराडं आणि उतार यांच्यामधल्या शिशाच्या नाळीत. माळ्यावरून स्लेटच्या, म्हणजे पातळ दगडी कौलांच्या, फटींतून उजेडाचे ठिपके दिसले तर घाबरू नका. जुन्या छपरांना खाली फेल्ट, म्हणजे डांबरी कापडाचा थर, नसे, आणि त्या फटींतूनच लाकडाला वारा मिळतो. म्हणूनच माळ्यावर आतून स्प्रे फोम मारून घ्यायला मी ठाम नाही म्हणतो. ओल आत कोंडते, वासे कुजले तरी दिसत नाहीत, शिवाय असं घर विकताना अनेक बँका गहाणकर्ज नाकारतात.

आता स्लेट. रेल्वे आल्यावर उत्तर वेल्समधल्या पेनरिन आणि ब्लायनाय फेस्टिनिओगच्या खाणींतली स्लेट देशभर पोचली. वायव्य वेल्समधला हा स्लेटच्या खाणींचा प्रदेश 2021 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. हा दगड शंभर वर्षांनंतरही धडधाकट असतो. आधी जातो तो लोखंडी खिळा. तो गंजून तुटला की चांगली स्लेट घसरते आणि लोक तिलाच दोष देतात. बोटाच्या पेराने वाजवून बघा. खणखणीत वाजली तर ठेवा. बद्द वाजली तर तिचे पापुद्रे सुटलेत, ती काढा.

एखादीच स्लेट बदलायची तर आजूबाजूच्या उचकटायच्या नाहीत. रिपर नावाची लांब चपटी पट्टी खालून सरकवायची, तिच्या टोकाचा आकडा खिळ्यात अडकवायचा आणि मुठीवर हातोडी मारून खिळा तोडायचा. नवी स्लेट बसवताना रिपेत, म्हणजे स्लेट जिच्यावर ठोकतात त्या आडव्या लाकडी पट्टीत, खिळा मारता येत नाही, कारण ती जागा वरच्या स्लेटखाली दडलेली असते. त्यासाठी शेजारच्या दोन स्लेटमधल्या फटीत तांब्याची किंवा शिशाची इंचभर रुंद पट्टी रिपेला ठोकतात, स्लेट वर सरकवतात आणि पट्टीचं टोक स्लेटच्या खालच्या कडेवर वळवतात. टोकाला दुहेरी घडी घाला, नाहीतर बर्फाच्या वजनाने पट्टी सरळ होते. अशा पट्ट्या सगळ्या छपरावर चमकत असतील, तर मात्र खिळेच संपलेत. मग पाखं उतरवून त्याच स्लेट तांब्याच्या खिळ्यांनी पुन्हा ठोकायच्या. काही फुटतीलच. भर घालायची ती त्याच जाडीची, त्याच रंगाची आणि जुनी मिळवा.

शिशाच्या कामात मात्र अजिबात घाई नको. शिसं तापमानाबरोबर खूप फुगतं आणि आकसतं. 60 अंशांचा फरक धरला तर दीड मीटरचा पत्रा अडीच मिलिमीटरहून जास्त लांब-आखूड होतो. त्याला हलू दिलं नाही तर आधी सुरकुती पडते आणि पुढे त्याच सुरकुतीवर भेग जाते. आमच्या गटारातला पत्रा एकसलग होता आणि दोन्ही टोकांना खिळलेला. भेग नेमकी मधल्या सुरकुतीवर होती, नखाने चाचपली तर लागायची. ‘एकच लांब तुकडा टाकतो, सांधा नको’ असं कुणी म्हणालं तर ते काम त्याला देऊ नका.

पत्र्याची जाडी कोडवर ठरते. कोड 4 म्हणजे 1.80 मिमी, गुंडाळीवर निळी खूण. कोड 5 म्हणजे 2.24 मिमी, लाल खूण. धुराड्याच्या पुढच्या आणि बाजूच्या पट्ट्यांना कोड 4 पुरतो, मागच्या गटाराला आणि पन्हळीला मी कोड 5 च सांगतो. तुकडा दीड मीटरपेक्षा लांब नको. पट्ट्यांचे तुकडे एकमेकांवर किमान 100 मिमी चढवा. पन्हळीतला तुकडा फक्त वरच्या टोकाला तांब्याच्या खिळ्यांनी ठोका, खालचं टोक मोकळं सोडा. तिथे 30 अंशांच्या उताराला तुकडे एकमेकांवर 150 मिमी चढवावे लागतात.

धुराड्याच्या विटांमधली दर्ज 25 मिमी खोल साफ करायची, पत्र्याची कड आत घालायची आणि शिशाच्याच गुंडाळलेल्या पाचरी ठोकून ती पक्की करायची. त्यानंतर दर्ज भरा. वीटकाम चुन्याचं असेल तर चुनाच वापरा. सिमेंट कडक असतं, ते तडकतं आणि विटेची कडही घेऊन जातं. पत्रा बसवायला लाकडी ठोकणी घ्या आणि हलक्या हाताने ठोका. जोराने मारलं की कोपऱ्यावर पत्रा पातळ होतो, आणि पुढे तो तिथेच फाटतो. डांबरी चिकटपट्टी किंवा सिलिकॉन हे वादळी रात्रीपुरतं ठीक. कायमची दुरुस्ती म्हणून कुणी तेच लावलं तर पैसे देऊ नका.

काम झालं की त्याच दिवशी, पाऊस यायच्या आत, शिशावर लावायचं पॅटिनेशन ऑइल हे संरक्षक तेल लावून घ्या, पत्र्याच्या कडांखालीसुद्धा. नाहीतर पहिल्याच पावसात पांढरे ओघळ विटांवर आणि स्लेटवर उतरतात. शिसं विषारी आहे. हातमोजे घाला, जेवण्याआधी हात धुवा, कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांत टाकू नका. शिशाला झाळ देणं तर शिकलेल्या माणसाचंच काम. छपरावर ज्योत म्हणजे आगीचा धोका.

घर लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत, असेल तर काउन्सिलच्या कॉन्झर्वेशन ऑफिसरला आधी विचारा. परवानगीविना घराचं रूप बदललं तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. अर्ध्याहून जास्त छप्पर नव्याने घालणार असाल तर बिल्डिंग कंट्रोललाही, म्हणजे बांधकामाचे नियम तपासणाऱ्यांनाही, कळवावं लागतं. माळ्यावर वटवाघळांची विष्ठा दिसली तर काम थांबवा, कारण त्यांच्या बसायच्या जागेला कायद्याचं संरक्षण आहे, ती त्या वेळी रिकामी असली तरी.

कोटेशन मागताना कोड किती, तुकड्याची लांबी किती आणि खिळे कशाचे, हे लेखी घ्या. उतरवलेल्या जुन्या शिशाला भंगारात चांगला भाव येतो. ते कुणाचं, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.