पांदण आणि तलावाच्या पाळीवर सायकल: टायरची हवा ठरवून निघा

भंडारा-गोंदियात कोहळी समाजाने बांधलेल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पाळी आणि गावागावांतल्या पांदणी, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटा, जोडल्या की सायकलिंगचे सुरेख मार्ग तयार होतात. फक्त रोडबाइकच्या 25 मिमी टायरवर जाऊ नका. सुट्या मुरमात पुढचे चाक घसरते. टायर किमान 40 मिमीचा हवा. 70 किलो वजनाच्या माणसाला ट्यूब असेल तर 40-45 पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक), ट्यूबलेसला 30-35 पुरते. मागच्या चाकात दोन-तीन जास्त. ट्यूबमधली हवा याहून फार कमी केली, तर दगडावर रिमखाली चिमटून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोके पडतात.

खरा त्रास बाभळीच्या काट्यांचा. ट्यूबलेस असेल तर प्रत्येक टायरमध्ये 60 मिली सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घाला आणि उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी तपासा, ते लवकर सुकते. पंक्चर काढताना टायर आतून बोटाने हळूच चाचपा. मोडलेले टोक आत राहिले तर नवी ट्यूबही लगेच जाते.

धानाच्या बांध्यांजवळची ओली माती चाक आणि फोर्कमध्ये गच्च बसते, म्हणून पावसानंतर पांदण वाळू द्या. तलावाचा सांडवा (जादा पाणी बाहेर पडायची वाट) वाहत असेल तर उतरून, शेवाळ बघून चाला. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या आसपास डांबरी सार्वजनिक रस्ताच धरा, तोही उजेडात.