डेंगळ्यासाठीच लावायचा कांदा: इंग्लंडमधल्या बागेसाठी ऑक्टोबरचा सल्ला

नाशिककडे कांद्याला डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, आले की शेतकऱ्याचा जीव खालीवर होतो. कंद पोसत नाही, साठवणीच्या चाळीत टिकत नाही. शोभेच्या कांद्याचं, म्हणजे ॲलियमचं, नेमकं उलट: इथे डेंगळा हेच पीक. मूळ इराण, तुर्कस्तान आणि मध्य आशियातल्या कोरड्या डोंगराळ मुलखातली ही झाडं. थंडी लागल्याशिवाय त्यांना धड फूल येत नाही, म्हणून कंद सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्येच जमिनीत गेले पाहिजेत.

कंद दाबून बघून घ्या. मऊ पडलेला किंवा बुरशीचा नको. पहिल्या वर्षी ‘पर्पल सेन्सेशन’ ही जात पुरे. स्वस्त, भरवशाचं, मे महिन्यात जांभळे गोंडे देतं. जून-जुलैसाठी ‘ख्रिस्तोफी’: दांडा गुडघ्याएवढा, गोंडा मात्र वीतभर रुंद. ‘ग्लोबमास्टर’ देखणं खरं, पण एकेका कंदाची किंमत बघता हात बसल्यावरच घ्यावं.

ऊन भरपूर हवं. कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल लावा. मोठ्या कंदाला साधारण 15 सेंमी खोली आणि दोन कंदांत 20 सेंमी अंतर. मुळांची बाजू खाली. लंडन परिसरातल्या चिकणमातीत खरा शत्रू थंडी नव्हे, साचलेलं पाणी. तिथे बारीक खडी सढळ हाताने मिसळा, नाहीतर वाफा उंच करा. ताजं शेणखत अजिबात नको.

अलॉटमेंटवर, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या भाजीच्या तुकड्यावर, कांदा-लसूण लावणाऱ्यांनी एक गोष्ट नीट बघावी. मुळाशी कापसासारखी पांढरी बुरशी येऊन पीक कुजलं असेल, तर ती पांढरी कूज. तिचे काळे बारीक दाणे मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात आणि शोभेच्या कांद्यालाही सोडत नाहीत. त्या जागेतली माती, फावड्याला चिकटलेलीसुद्धा, फुलांच्या वाफ्यात आणू नका.

फूल उमलेपर्यंत पानं पिवळी पडून लोळू लागतात. रोग समजून औषध मारू नका, आणि हिरवी असताना कापूही नका. पुढच्या वर्षीचा कंद त्यांच्यावरच पोसतो. दिसायला वाईट वाटत असेल तर पुढे हार्डी जिरेनियम किंवा अल्केमिला अशी बुटकी, पसरणारी झाडं लावा, झाकलं जातं. खारी ट्युलिपचे कंद उकरतात, ॲलियमच्या कंदांना सहसा तोंड लावत नाहीत. कुत्र्या-मांजरांना मात्र कांद्याची सगळी जात विषारी, तेव्हा उरलेले कंद पिशवीत उघडे ठेवू नका. फोडणीतही घालू नका.

पुण्या-मुंबईत फोटो बघून हे कंद मागवणाऱ्यांनी पैसे वाचवावेत. तिथली थंडी पुरत नाही. कुंडीत चायनीज चाइव्ह्ज, म्हणजे लसणाच्या चवीची पात, लावा. पांढऱ्या चांदण्यांसारखी फुलं येतात, मधमाश्या जमतात आणि पानं ऑम्लेटमध्ये चालतात.