इंग्रजी शब्द पाठ होतात, पण तोंडात येत नाहीत? या चुका टाळा

नाशिकच्या कॉलेज रोडवर संध्याकाळी माझी इंग्रजीची बॅच असते. नवा विद्यार्थी आला की पहिल्या दिवशी त्याची शब्दांची वही बघायला मागतो. दहातल्या सात वह्या एकाच शब्दाने सुरू होतात: ॲबँडन. मग ॲबॉलिश, ॲब्रप्ट. ‘सी’च्या आसपास वही थांबते, कारण मध्ये दिवाळी येते. त्यामुळे ॲबँडनचा अर्थ झोपेतही सांगतील, पण ‘सुट्टे आहेत का?’ एवढं इंग्रजीत विचारताना अडखळतील, अशी माणसं आपल्याकडे पुष्कळ.

डिक्शनरी ए टू झेड लावलेली असते ती शब्द चटकन सापडावा म्हणून. पाठांतराचा तो क्रम नव्हे. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सर्वांत उपयोगी अशा सुमारे २००० इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली होती. आज ‘ऑक्सफर्ड ३०००’ ही त्याच धर्तीची यादी नेटवर फुकट मिळते. ती चाळली की बरेचसे शब्द ओळखीचे निघतात आणि विद्यार्थी हिरमुसतो, ‘सर, हे तर येतंच.’ येतं ना? मग त्यातल्या ‘चेंज’ने सुट्टे मागून दाखव. तिथे गाडी अडते.

एका शब्दासमोर एकच अर्थ

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. आपलं ‘काढणे’ घ्या. आपण फोटो काढतो, चित्र काढतो, तिकीट काढतो, बँकेतून पैसे काढतो, गाईचं दूध काढतो. मराठीत क्रियापद एकच. इंग्रजीत मात्र टेक अ फोटो, ड्रॉ अ पिक्चर, बाय अ टिकिट, विथड्रॉ मनी, मिल्क अ काउ. वहीत ‘काढणे = रिमूव्ह’ लिहून ठेवणारा या पाचही ठिकाणी तोंडघशी पडणार.

‘जोराचा’चंही तसंच. आपल्याकडे पाऊसही जोराचा आणि वाराही जोराचा. इंग्रजीत पाऊस हेवी, वारा स्ट्राँग आणि ताप हाय. कडक चहा मात्र स्ट्राँग, हार्ड टी कोणी पीत नाही. परीक्षा आपण ‘देतो’, म्हणून ‘गिव्ह ॲन एक्झाम’ तोंडात बसलंय. परदेशी माणसाला वाटतं की हा परीक्षा घेणारा मास्तर आहे. तिकडे परीक्षा देणारा एक्झाम ‘टेक’ करतो.

म्हणून वहीत शब्द कधी एकटा लिहू नका. ‘रेन’ नको, ‘हेवी रेन’ लिहा. ‘मिस्टेक’ नको, ‘मेक अ मिस्टेक’ लिहा. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे, पुट आउट म्हणजे आग विझवणे आणि पुट अप विथ म्हणजे सहन करणे. नुसतं ‘पुट’ पाठ करून यातलं काहीच हाती लागत नाही.

दिंडोरीकडचा एक द्राक्ष बागायतदार माझ्याकडे येत असे. परदेशी खरेदीदाराशी बोलताना तो घडातल्या मण्याला ‘बीड’ म्हणायचा, कारण डिक्शनरीत मणी म्हणजे बीड. समोरच्याला कळेना की हा माळा विकतोय की द्राक्षं. द्राक्षाचा मणी म्हणजे ‘बेरी’, घड म्हणजे ‘बंच’ आणि छाटणी म्हणजे ‘प्रूनिंग’. एवढ्या तीन शब्दांनी त्याचं निम्मं काम भागलं. आपल्या धंद्याचे शब्द आधी. मोठाल्या यादीचं नंतर बघू.

वाक्प्रचार घुसडण्याची हौस

इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री पन्नास इडियम्स पाठ करू नका. ‘इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणजे धो धो पाऊस पडतोय, पण असं आता फारसं कोणी बोलत नाही. ऐकणाऱ्याला ते शाळेच्या पुस्तकातलं वाटतं. ‘किक द बकेट’ म्हणजे मरण पावणे हे खरं, पण ते थट्टेतलं आहे. साहेबांच्या वडिलांच्या निधनावर तसा मेसेज पाठवणं म्हणजे ‘वडील गचकले का?’ विचारण्यासारखं.

आणि वाक्प्रचारातला शब्द आपल्या मनाने बदलता येत नाही. ‘नाचता येईना फरशी वाकडी’ असं आपण म्हणतो का? तसंच ‘अ पीस ऑफ केक’ (अगदी सोपं काम) यात केकच हवा, पेस्ट्री चालणार नाही.

सुरुवात करायचीच असेल तर घराजवळून करा. ‘साउर ग्रेप्स’ विसरणं नाशिककराला अशक्य आहे, कारण कोल्ह्याला द्राक्षं आंबट ही इसापाची गोष्ट दोन्ही भाषांत आली आहे. ‘आय हर्ड इट ऑन द ग्रेपव्हाइन’ म्हणजे कुणकुण लागली, उडत उडत कानावर आलं. पण आपला खरा ठेवा वेगळाच आहे. ब्रिटिश इंग्रजीत डोकं फिरणे याला ‘गो डूलॅली’ म्हणतात. हे डूलॅली म्हणजे आपली नाशिकजवळची देवळाली! मायदेशी परतणारे गोरे सोजीर तिथल्या छावणीत बोटीची वाट बघत महिनोन् महिने पडून असत आणि कंटाळून वेडेपिसे होत. त्याला तेव्हा ‘डूलॅली टॅप’ म्हणायचे, आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. वर्गात हे एकदा सांगितलं की पुन्हा विचारावं लागत नाही. फक्त रजेच्या अर्जात लिहू नका, हा घरगुती गप्पांतला शब्द आहे.

हे इथे चालतं, तिकडे नाही

मिसळ खायला आपण हॉटेलात जातो. पाहुणा इंग्रजीतलं हॉटेल ऐकून खोली शोधेल. ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणे) पुण्या-मुंबईच्या ऑफिसात बिनदिक्कत वापरा, परदेशी क्लायंटला ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहा. ‘आय पास्ड आउट इन २०१९’ म्हणजे बाहेरच्यांच्या लेखी तुम्ही २०१९ साली बेशुद्ध पडलात. तिथे ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा. त्र्यंबक रोडवरच्या पोलीस अकादमीतली पासिंग आउट परेड मात्र बरोबर आहे, तिला हात लावू नका.

एवढं करूनही शब्द उडून जातात

जाणारच. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते छापले. तासाभरात निम्म्याहून जास्त पाठांतर पुसलं जात होतं. तेव्हा रविवारी तीन तास बसून ऐंशी शब्द घोकण्यात अर्थ नाही. चिठ्ठीच्या एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. आधी मराठी बघून इंग्रजी मोठ्याने बोला, मगच चिठ्ठी उलटा. नुसतं इंग्रजी वाचून ‘हां, हे माहीत आहे’ म्हणणं ही स्वतःचीच फसवणूक. आलेली चिठ्ठी तीन दिवसांनी पुन्हा बघा, मग आठवड्याने, मग महिन्याने. न आलेली उद्याच. दिवसाला पाच चिठ्ठ्या पुरे. नाशिक रोड ते सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, एवढ्या बसप्रवासात तेवढ्या आरामात होतात, बसायला जागा मिळाली तर.