प्रिंटरचं कलर प्रोफाइल घरी बनवताय? या चुका टाळा

प्रोफाइल म्हणजे अमुक प्रिंटर, शाई आणि कागदावर कुठला आकडा कुठला रंग देतो हे सांगणारी फाइल. ती बनवायला रंगीत चौकोनांचा चार्ट छापायचा आणि ते चौकोन यंत्राने मोजायचे. माझं पहिलं प्रोफाइल तयार झालं तेव्हा सॉफ्टवेअरने सरासरी डेल्टा ई, म्हणजे दोन रंगांतला मोजलेला फरक, ०.८ दाखवला. एकच्या आत आला म्हणजे काम फत्ते, असं वाटून मी खूश झालो. चार दिवसांनी एक कृष्णधवल फोटो छापला, तर सगळ्या ढगांवर गुलाबी झाक. दोन संध्याकाळी ड्रायव्हरची सेटिंग उलटीपालटी करण्यात गेल्या. शेवटी मोजलेला चार्ट खिडकीशी तिरका धरला आणि उत्तर दिसलं. मॅजेंटा असलेल्या प्रत्येक चौकोनातून केसाएवढ्या बारीक फिकट रेषा गेल्या होत्या. चार्ट छापताना त्या रंगाचे काही नोझल, म्हणजे हेडवरची शाई सोडणारी बारीक छिद्रं, बंद होते. या प्रिंटरचा मॅजेंटा कमजोर आहे, असं प्रोफाइलने धरून चाललं आणि भरपाई म्हणून तो जास्त ओतायला सांगितलं. मधल्या काळात मी हेड साफ केलं होतं, त्यामुळे भरपाई तेवढी उरली.

मग डेल्टा ई इतका चांगला कसा? कारण तो आकडा फक्त एवढंच सांगतो की प्रोफाइल तुम्ही मोजलेल्या चौकोनांशी किती जुळतं. चौकोन बरोबर छापले होते का, याची त्याला गंधवार्ता नसते. खाली ज्या चुका लिहिल्यात त्यातल्या बहुतेक अशाच आहेत. त्या मोजणीच्या आधी होतात आणि आकड्यात दिसत नाहीत.

म्हणून पहिलं काम नोझल चेक, म्हणजे सगळी छिद्रं चालू आहेत का हे दाखवणारा रेघांचा नमुना छापणं. चार्टच्या आधी एक आणि नंतर एक. प्रिंटर बरेच दिवस पडून असेल तर हेड अलाइनमेंटही करून घ्या. नंतरच्या नोझल चेकमध्ये एखादी रेघ तुटलेली दिसली, तर तो चार्ट मोजायच्या फंदात पडू नका.

चार्ट छापताना रंग कोण बदलतंय?

सगळ्यात जास्त प्रोफाइलं इथे बिघडतात. चार्टमधल्या रंगांचे आकडे प्रिंटरपर्यंत जसेच्या तसे पोचले पाहिजेत. वाटेत कोणीही, म्हणजे फोटो सॉफ्टवेअर, ऑपरेटिंग सिस्टीम किंवा ड्रायव्हर, त्यांचं रूपांतर करता कामा नये. पूर्वी फोटोशॉपच्या प्रिंट खिडकीत ‘नो कलर मॅनेजमेंट’ असा पर्याय असायचा. सीएस५ पासून तो गेला. तेव्हापासून चार्ट फोटोशॉपमधून छापणं म्हणजे अडचण ओढवून घेणं. विंडोजवर त्यासाठी अडोबी कलर प्रिंटर युटिलिटी नावाचं छोटं मोफत साधन आहे, आणि मॅकवर कलरसिंक युटिलिटीतून छापताना ‘प्रिंट अ‍ॅज कलर टार्गेट’ निवडता येतं.

तेवढ्याने भागत नाही, ड्रायव्हरमध्येही रंगसुधारणा बंद करावी लागते. एप्सनच्या ड्रायव्हरमध्ये हा पर्याय ‘नो कलर अ‍ॅडजस्टमेंट’ या नावाने सापडतो. कॅननमध्ये रंग हाताने ठरवण्याचा पर्याय निवडून मॅचिंगच्या जागी ‘नन’ करायचं. निवडलेली सेटिंग प्रीसेट म्हणून सेव्ह करून ठेवा. तीन महिन्यांनी आठवण्याच्या भरवशावर राहू नका, मी राहिलो होतो.

चार्ट छापताना रूपांतर झालंच असेल तर ते ओळखायचं कसं? नवं प्रोफाइल आणि कागद कंपनीचं तयार प्रोफाइल, दोघांची रंगव्याप्ती, म्हणजे छापता येणाऱ्या रंगांचा आवाका, त्रिमितीत शेजारी ठेवून बघा. तुमचं बरंच आखूड निघालं, विशेषतः सियान आणि हिरव्याच्या बाजूला, तर तुमचे आकडे वाटेत एसआरजीबी या स्क्रीनसाठीच्या मर्यादित रंगव्याप्तीच्या चाळणीतून गेले असण्याची दाट शक्यता. अशा प्रोफाइलने छापलेला फोटो वाईट दिसत नाही, फक्त जरा मलूल दिसतो, आणि म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते.

उलट लक्षण असेल, म्हणजे चेहरे लालबुंद आणि सगळं भडक, तर बहुधा प्रोफाइलचा दोष नसतो. फोटो छापताना सॉफ्टवेअर प्रोफाइल लावतंय आणि ड्रायव्हरही आपल्या परीने रंग सुधारतोय, असं दुहेरी काम चाललेलं असतं. ड्रायव्हरची सुधारणा बंद करून तोच फोटो पुन्हा छापा. फरक लगेच कळेल.

चार्टची फाइल उघडताना तिला कुठलंही प्रोफाइल जोडू नका, जेपेग करून सेव्ह करू नका. छापताना आकार शंभर टक्के ठेवा. बॉर्डरलेस तर अजिबात नको, त्यात ड्रायव्हर चित्र थोडं ताणतो आणि मोजणाऱ्या यंत्राच्या पट्ट्या सरकतात.

कागदाचा प्रकार नुसतं नाव नाही

ड्रायव्हरमध्ये मीडिया टाइप निवडता तेव्हा शाई किती पडणार आणि पिगमेंट (रंगकणांच्या शाईचा) प्रिंटर असेल तर काळी शाई कोणती, मॅट की फोटो, हेसुद्धा ठरतं. मॅट कागदावर ग्लॉसीची सेटिंग लावली तर फोटो ब्लॅक वापरला जातो आणि काळा रंग राखेसारखा दिसतो. प्रोफाइल ते मोजतं आणि निमूटपणे स्वीकारतं. जास्तीची काळी शाई प्रोफाइलला कुठून आणता येणार?

यासाठी चार्टच्या आधी एक साधी पट्टी छापून बघायची सवय लावून घ्या. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत वीस पायऱ्या, वेगवेगळ्या मीडिया टाइपवर. शेवटच्या तीन-चार पायऱ्या एकसारख्या दिसल्या किंवा शाई साचून चकाकायला लागली, तर शाई जास्त होतेय. मोजयंत्र असेल तर काळ्याचा एल आकडा (उजळपणा, शून्य म्हणजे पूर्ण काळा) बघा. चांगल्या ग्लॉसी कागदावर तो साधारण ३ ते ५ येतो, मॅटवर १५ च्या आसपास. मॅटवर २५ आला तर मीडिया टाइप बदलून बघा. या पट्टीत पाच मिनिटं जातात, आणि माझ्या मते संपूर्ण उद्योगातली ही सगळ्यात किफायतशीर पाच मिनिटं आहेत.

एकदा ठरवलेला मीडिया टाइप आणि प्रिंट क्वालिटी प्रोफाइलसोबत कायमचे बांधले गेले. फोटो छापताना घाईत ‘क्वालिटी’ एक पायरी खाली केली तर ते प्रोफाइल त्या छपाईचं राहत नाही.

मोजताना

स्क्रीन कॅलिब्रेट करायचं कलरीमीटर कागदासाठी चालत नाही, कारण त्याला स्वतःचा दिवा नसतो. छापील रंग मोजायला स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो, आय१ प्रो किंवा कलरमंकी फोटोसारखा.

शाई वाळू द्या. डाय (विरघळलेल्या रंगाच्या) शाईचे गडद रंग पहिल्या काही तासांत सरकतात. घाई असली तरी चार्ट रात्रभर तसाच ठेवा, आणि एकावर एक रचून ठेवू नका. मोजताना कागदाखाली त्याच कागदाचे दोन-तीन कोरे ताव ठेवा, नाहीतर टेबलाचा रंग पातळ कागदातून झिरपतो. चौकोन किती असावेत यावर वाद घालणारे खूप. घरच्या प्रिंटरला ४०० ते ८०० पुरे. हजाराच्या पुढे जाण्याऐवजी तोच चार्ट दोनदा मोजून सरासरी घेतलेली मला जास्त उपयोगी वाटते.

आता चमक वाढवणारी रसायनं. बहुतेक स्वस्त, पांढऱ्याशुभ्र कागदांत ती असतात. अतिनील किरण शोषून ती निळा प्रकाश परत फेकतात, म्हणून कागद जास्त पांढरा वाटतो. मोजताना कोऱ्या कागदाचा बी आकडा (निळा-पिवळा कल, उणे म्हणजे निळसर) उणे सहा-सातच्याही खाली गेला तर समजा, कागदात हा मसाला भरपूर आहे. पंचाईत अशी, की यंत्राच्या प्रकाशात अतिनील असेल तर कागद निळसर मोजला जातो, आणि प्रोफाइल करड्या छटाही त्या निळसर पांढऱ्याशी जुळवून ठेवतं. तोच फोटो साध्या एलईडीखाली लावला की तिथे अतिनील जवळपास नसतं. कागद पिवळट पडतो, करडे मात्र थंडच राहतात. तुमच्या यंत्रात मोजणीच्या प्रकाशाचे एम१ आणि एम२ असे पर्याय असतील तर फोटो कुठे लागणार त्यावर निवडा. दिवसाच्या उजेडात असेल तर एम१, एलईडीखाली किंवा अतिनील अडवणाऱ्या काचेमागे असेल तर एम२, कारण त्यात अतिनील वगळलेलं असतं. निम्मं भांडण मिटवायचं तर कमी रसायनाचा कागद घ्या.

बनवल्यानंतर

फाइलचं नाव बदललं तरी फोटोशॉपच्या यादीत जुनंच नाव दिसतं, यावर बरेच जण हैराण होतात. यादीत दिसणारं नाव फाइलच्या आत लिहिलेलं असतं. ते प्रोफाइल बनवतानाच नीट द्या, प्रिंटर, कागद, मीडिया टाइप आणि तारखेसकट. बसवल्यावर सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा.

‘प्रिंट काळपट येतं’ ही तक्रार सगळ्यात कॉमन, आणि तिचा प्रोफाइलशी सहसा काही संबंध नसतो. स्क्रीन फार प्रखर असते. ती १०० कॅन्डेला प्रति चौरस मीटरच्या आसपास आणा आणि प्रिंट चांगल्या उजेडात बघा. प्रोफाइल तपासायचंच असेल तर स्वतःचा रंगवून-सजवून ठेवलेला फोटो घेऊ नका. करड्याची सलग पट्टी, त्वचेचे दोन-तीन रंग आणि एखादं गडद निळं आकाश असलेलं प्रमाणित चित्र छापा. रेंडरिंग इंटेंट, म्हणजे छापता न येणारे रंग कसे बसवायचे ती पद्धत, एकदा परसेप्चुअल आणि एकदा रिलेटिव्ह कलरीमेट्रिक, काळ्या बिंदूच्या भरपाईसकट (ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन). गडद भागातला तपशील कुठल्यात टिकतो ते डोळ्यांनीच ठरवा.

आणि नवं प्रोफाइल बनवल्याच्या दिवशीच, त्याच सेटिंगवर, तीसेक चौकोनांची एक छोटी पट्टी छापून आकडे मोजून ठेवा. शाईची कंपनी बदलली, कागदाचा नवा गठ्ठा उघडला किंवा रंग खटकायला लागले की तीच पट्टी पुन्हा छापायची, वाळू द्यायची आणि जुन्या आकड्यांशी ताडून बघायची. सरासरी डेल्टा ई दोनच्या आत असेल तर मी जुनंच प्रोफाइल चालवतो. त्यापुढे गेला तर आधी नोझल चेक, आणि तो ठीक निघाला तरच नवा चार्ट.