एक संत वर्षभर सोबत कसा ठेवायचा

आधी एकच संत घ्या आणि वर्षभर सोडू नका. आपल्याकडे होतं काय, २४ नोव्हेंबरला गोंयच्या सायबाची, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरची, नोव्हेना (फेस्ताआधीची नऊ दिवसांची प्रार्थना) लागली की ओल्ड गोव्याला चालत जायचं, ३ डिसेंबरला फेस्त, आणि ४ तारखेपासून परत पहिले पाढे पंचावन्न. चालत जायला माझी ना नाही, मी दरवर्षी जाते, पण संत म्हणजे फक्त नवस बोलायची जागा नाही ना, हाडामासाचं माणूस होतं ते, त्याने केलेलं एखादं काम आपल्या हातून होतंय का ते बघायचं.

निवडताना प्रसिद्ध कोण ते बघू नका, कोणाची गोष्ट मनात रुतते ते बघा. मुलांना कार्लो अ‍ॅकुटिस लगेच आवडतो, १५ व्या वर्षी गेलेला मुलगा, कम्प्युटर येत होता तर त्यावर युकेरिस्टच्या (मिस्सेतल्या पवित्र भाकरी-द्राक्षारसाच्या) चमत्कारांची वेबसाइट केली, २०२५ मध्ये संत घोषित झाला.

माझे मात्र संत जुझे वाझ, आपल्या गोव्याचेच धर्मगुरू. १६५१ साली बाणावलीत जन्म, १६८७ मध्ये वेष बदलून श्रीलंकेत गेले कारण तिथे डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती, कँडीत पोचले तर हेर समजून कैदेत टाकलं, आणि पुढे १६९७ ला त्याच कँडीत देवीची साथ आली, लोक आपल्या माणसांना टाकून पळाले तेव्हा हे आणि त्यांचा भाचा मागे राहून आजाऱ्यांना भरवत होते, जखमा धूत होते. गोव्याला परत आलेच नाहीत, १७११ ला तिथेच गेले.

आता त्यातलं एक काम उचला, एकच, आणि त्याला वार आणि वेळ द्या. मी बुधवार संध्याकाळी ५ धरलेत, मोबाइलवर अलार्मला 'जुझे वाझ' नाव दिलंय. आमच्या वाड्यावर एक आजी एकट्या असतात, मुलं गल्फला. सुरुवातीला मी नुसती पेज नेऊन द्यायची आणि पाच मिनिटांत निघायची, मग एकदा त्यांची पायाची नखं दिसली, आत वळलेली, वाकता येत नाही म्हणून तशीच वाढलेली. गरम पाण्यात पाय ठेवायला लावले, अर्धा तास लागला, माझा हात थरथरत होता आणि त्या मात्र हळू आवाजात रोजरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणत होत्या. त्या दिवशी मला जखमा धुणं म्हणजे काय ते थोडं कळलं.

एखादा बुधवार चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट करायच्या फंदात पडू नका, सरळ पुढच्या बुधवारी जा. फोटो काढून स्टेटसला टाकू नका प्लीज, त्या माणसाची लाज आपल्या हातात असते. मुलांना सोबत न्या, उपदेश करायची गरज नाही, पाण्याचं घमेलं उचलायला द्या.

आणि नेलकटर घरूनच चांगला धारदार घेऊन जा, म्हाताऱ्या माणसांची नखं जाड असतात.