स्पॉट वेल्डिंगच्या रोबोटवर काम करताना प्रोग्रॅमआधी टिप पाहावी

रंगकामापूर्वीच्या मोटारीच्या बॉडीत साधारण ३,००० ते ५,००० स्पॉट (पत्रे ठिपक्याएवढ्या जागी वितळवून केलेले सांधे) असतात, आणि चाकण किंवा पिंपरीच्या पट्ट्यातील मोठ्या कारखान्यांत त्यांतले बरेचसे रोबोट मारतात. आयटीआयमधून वेल्डरचा ट्रेड करून आलेल्या नव्या कामगाराला वाटते, की आता पेंडंट (रोबोट चालवण्याचे हातातले नियंत्रण-यंत्र) शिकला म्हणजे काम शिकला. प्रत्यक्षात रोबोट गन, म्हणजे पत्रे दोन टिपांमध्ये दाबून प्रवाह सोडणारे साधन, ठरलेल्या जागी नेतो एवढेच. सांधा पक्का झाला की नाही, हे पाहण्याची जबाबदारी वेल्डरचीच राहते.

सेलमध्ये, म्हणजे रोबोटभोवतीच्या कुंपणात, शिरण्यापूर्वी एक गोष्ट मनात ठसवावी. स्थिर उभा असलेला रोबोट बंद असतोच असे नाही. बऱ्याचदा तो केवळ एखाद्या सेन्सरच्या सिग्नलची वाट पाहत असतो आणि आत गेलेल्या माणसाचा चुकून लागलेला हातही त्याला तो सिग्नल देऊ शकतो. म्हणून देखभालीसाठी जाताना वीज तोडून आयसोलेटरला (वीज तोडणाऱ्या मुख्य स्विचला) स्वतःचे कुलूप आणि टॅग लावावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी आणि गनच्या सिलिंडरमधील कोंडलेली हवा सोडून द्यावी. टीच करण्यासाठी, म्हणजे रोबोटला जागा शिकवण्यासाठी, वीज चालू ठेवूनच आत जावे लागते. अशा वेळी वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या आत बांधलेला असतो आणि पेंडंटवरील तीन स्थितींचा स्विच मधल्या स्थितीत धरला तरच रोबोटचा हात हलतो. बोटे सैल सुटली किंवा घाबरून आवळली गेली, तरी तो थांबतो. हा स्विच चिकटपट्टीने बांधून ठेवण्याची ‘युक्ती’ कोणी शिकवू लागल्यास ती शिकू नये. पेसमेकर असलेल्या व्यक्तीने चालू गनच्या जवळ जाऊच नये.

आता स्पॉटकडे वळू. एक मिलिमीटर जाडीचे दोन साधे पत्रे तांब्याच्या टिपांमध्ये दाबून त्यांतून ८ ते १० हजार अँपिअर प्रवाह सुमारे ०.२ सेकंद सोडला, की पत्रे जिथे एकमेकांना टेकतात तिथे विरोध सर्वाधिक असल्याने धातू वितळतो आणि दाबाखालीच थिजून त्याचा नगेट, म्हणजे दोन्ही पत्र्यांना जोडणारा गोळा, बनतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे प्रवाह १० टक्क्यांनी घटला तर उष्णता १९ टक्क्यांनी घटते. टिपेचे गणितही असेच आहे. पाच मिलिमीटर व्यासाचे तोंड चेपून सहा मिलिमीटरचे झाले, तर क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढते आणि प्रवाह तेवढ्या मोठ्या जागेत पसरतो. पॅनेलवर आकडे तेच दिसतात, आत नगेट मात्र लहान होत जातो. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर हे लवकर घडते, कारण जस्त तांब्यात मिसळून टिपेच्या तोंडावर पितळेचा थर धरते. म्हणूनच अशा पत्र्यावर टिपेचे ड्रेसिंग, म्हणजे तोंड तासून पुन्हा आकारात आणणे, लवकर लागते.

ड्रेसिंगनंतर तोंड डोळ्यांनी पाहावे. दोन्ही टिपा एका रेषेत आहेत का, हे तपासण्यासाठी प्रवाह बंद ठेवून त्यांच्यामध्ये कार्बन पेपर आणि पांढरा कागद दाबावा. ठसा गोल आणि सर्वत्र सारखा उमटला पाहिजे. चंद्रकोरीसारखा उमटला, तर शँक (टिप धरणारी दांडी) वाकलेली असण्याची शक्यता मोठी. सर्वो गनवर (हवेऐवजी मोटरने मिटणाऱ्या गनवर) नवी टिप बसवल्यानंतर झिजेची नोंद शून्य करायला विसरू नये. ती तशीच राहिली, तर रोबोट जुन्या, आखूड टिपेच्या हिशेबाने पुढे सरकतो आणि पत्रा ढकलतो.

बिघाड शोधताना पहिला प्रश्न असा विचारावा: दोष एका गनच्या सगळ्या स्पॉटवर आहे की ठरावीक दोन-चार स्पॉटवर? सगळ्यांवर असल्यास टिप, थंड पाण्याचा प्रवाह आणि केबलचे जोड या क्रमाने पाहावे. ठरावीक जागीच ठिणग्या उडत असतील, तर तिथे पत्र्यांमध्ये फट आहे का, क्लॅम्प पूर्ण बसतो का, गन पत्र्याला काटकोनात टेकते का, हे तपासावे. मी उमेदवारीच्या दिवसांत अशा चार स्पॉटसाठी अर्धी शिफ्ट प्रवाह कमी-जास्त करत बसलो होतो. शेवटी जिगमधील (पत्रे जागेवर धरणाऱ्या साच्यातील) एक लोकेटर पिन, म्हणजे पत्र्याची जागा ठरवणारी खुंटी, झिजलेली निघाली.

प्रोग्रॅममधील स्पॉटच्या जागेचा एखादा बिंदू हलवणे अटळच असेल, तर त्याच्या जुन्या जागेचे आकडे लिहून ठेवावेत, शेजारच्या स्पॉटच्या फार जवळ जाऊ नये (प्रवाह तयार स्पॉटमधून वाट काढतो आणि नवा स्पॉट कच्चा राहतो) आणि ऑटोवर टाकण्यापूर्वी मार्ग सावकाश, एकेक टप्प्याने पुढे-मागे चालवून पाहावा.

तपासणीसाठी दोन स्पॉटच्या मध्ये छिन्नी ठोकून पत्रे किंचित उघडावेत; स्पॉट न सुटल्यास पत्रा परत ठोकून बसवावा. नमुन्याचे तुकडे सोलून पाहताना नगेटचा व्यास मोजावा. पातळ पत्र्याच्या मिलिमीटरमधील जाडीच्या वर्गमूळाची चौपट, हा किमान व्यासाचा सर्वसाधारण नियम आहे: १ मिलिमीटरला ४, तर १.२ मिलिमीटरला सुमारे ४.४. अतिउच्च ताकदीच्या पोलादावर छिन्नी चालवू नये, कारण चांगला स्पॉटही तडकू शकतो. तिथे अल्ट्रासोनिक तपासणी करावी.

शिफ्ट सोडताना कोणत्या गनची टिप केव्हा बदलली, कोणता बिंदू किती हलवला आणि कोणता आकडा बदलला, हे नोंदवहीत लिहावे, आणि चाचणीसाठी कमी केलेला वेग पूर्ववत केला आहे का, हे पेंडंट टांगण्यापूर्वी एकदा पाहावे.