अनोळखी माणसाशी ऑनलाइन बुद्धिबळ खेळताना

कट्ट्यावर डाव मांडला की समोरचा डोकं खाजवतोय, चहाला उठलाय की फोनवर बोलतोय, हे दिसतं. स्क्रीनवर दिसतं फक्त त्याचं घड्याळ. त्यामुळे ऑनलाइन खेळातली बहुतेक सभ्यता वेळेशी बांधलेली असते, आणि बहुतेक भांडणंही वेळेवरूनच होतात.

म्हणून डाव सुरू करण्याआधी हिशेब करा. १०+५ म्हणजे प्रत्येकाला १० मिनिटं आणि दर चालीमागे ५ सेकंद जादा. ४० चालींचा डाव धरला तर एकेकाच्या वाट्याला १३ मिनिटं २० सेकंद, म्हणजे दोघांची मिळून जवळपास पावणेसत्तावीस मिनिटं. एवढा वेळ हाताशी नसेल तर ३+२ घ्या, तो डाव नऊ मिनिटांच्या आत आटोपतो. बेळगावहून बसमध्ये बसून मोठा डाव मांडू नये; खानापूरच्या पुढे रान लागलं की रेंजचा भरवसा नाही. पावसाळ्यात घरी खेळतानाही करंट गेला की राउटर बंद पडतो आणि आपलं घड्याळ मात्र चालूच राहतं. मोबाइल डेटा आधीच तयार ठेवा आणि सेकंद वाढणारा खेळ निवडा, म्हणजे परत जोडून घ्यायला थोडी फुरसत मिळते. तरीही डाव गेला तर गेला. समोरच्याला आपली लाइट गेलेली कशी कळणार?

सगळ्यात जास्त चीड आणणारी गोष्ट म्हणजे हरलेल्या डावात चाल न करता घड्याळ संपेपर्यंत गप्प बसणं. वजीर गेला, मागे मोहरंही उरलं नाही, घड्याळात आठ मिनिटं शिल्लक, आणि गडी फोन ठेवून जेवायला! नवख्याने शेवटपर्यंत खेळायला हरकत नाही, मात कशी होते ते तसंच कळतं. पण खेळायचं असेल तर चाली करा, नसेल तर हार मानायचं बटण दाबा. नुसतं अ‍ॅप बंद करू नका. वारंवार असं केलं तर लिचेस आणि चेस डॉट कॉम या बुद्धिबळाच्या साइट काही काळ खेळायला बंदी घालतात. पहिल्याच चालीला ‘काळी मोहरी आली’ म्हणून डाव रद्द करत राहिलात तरी तीच गत.

बरोबरी विचारायची असेल तर एकदाच विचारा, तीही डावात दोघांना काही करण्यासारखं उरलं नसेल तेव्हा. हत्तीसमोर हत्ती, प्यादी अडकलेली, इथे विचारणं रास्त. आपण हरत असताना, किंवा समोरच्याकडे वीसच सेकंद उरले असताना दर दोन चालींनी विचारणं म्हणजे कोपर मारणं. नाही म्हणाला तर पट बदलेपर्यंत गप्प.

समोरच्याचा वेळ संपला म्हणून जिंकणं मात्र गैर नाही. ३+० घेतला तेव्हाच दोघांनी ते मान्य केलं. ज्याला ते पटत नाही त्याने सेकंद वाढणारा खेळ घ्यावा.

बोट घसरून वजीर डी२ ऐवजी डी३ वर पडला, तर मैत्रीच्या, म्हणजे रेटिंग (खेळाडूच्या ताकदीचा आकडा) नसलेल्या डावात चाल परत मागता येते. लगेच मागा, एकदाच मागा. समोरच्याने दिली नाही तर तो उद्धट ठरत नाही. विचार करून केलेली चूक परत मागू नये.

चॅट जितकी कमी तितकी बरी. सुरुवातीला ‘नमस्कार’ पुरतो. मराठी आणि कन्नड दोघांनाही तो कळतो. शेवटी ‘छान खेळलात’, किंवा समोरचा आपल्याच भागातला कन्नड बोलणारा असेल तर ‘चलो आडिद्री’. हरणाऱ्याने आधी म्हणावं. समोरच्याचा घोडा फुकट मारून जिंकलात आणि लगेच ‘गुड गेम’ लिहिलंत तर तो टोमणा वाटतो. प्रोफाइलवर बेळगाव पाहून सीमाप्रश्न काढू नका, तो तीन मिनिटांच्या डावात सुटणार नाही. चॅट नकोच असेल तर ती बंद करा, सांगायची गरज नाही.

फसवणुकीचा संशय आला तर चॅटमध्ये आरोप करू नका, डाव संपल्यावर रिपोर्ट करा. त्याआधी एक पाहा: देशी पद्धतीने शिकलेल्यांना आँ पासाँ, म्हणजे दोन घरं पुढे आलेलं प्यादं बाजूच्या प्याद्याने एकच घर आल्यासारखं मारणं, फसवणूक वाटते. देशी खेळात प्यादं सहसा एकेक घरच जातं. इथला नियमच तसा आहे, संगणक चूक करत नाही.

उलट आपल्याकडची जुनी सवय इथे गुन्हा ठरते: पाठीमागे उभं राहून ‘उंट घे की रे’ म्हणणारा काका. रेटिंगच्या डावात ती बाहेरची मदतच. तसंच एका फोनवर बाप आणि पोरगा एकच खातं वापरतात. समोरच्याला कधी ९०० चा गडी भेटतो, कधी १५०० चा. दोन खाती काढा, आणि फोन पोराच्या हातात देण्याआधी आपल्या खात्यातून बाहेर पडा.